साच्याची दुसरी फळी

आईने तिच्या कामावरच्या शेठला शब्द दिला तेव्हा मी कॉलेजात होते. संध्याकाळी घरी आले तर ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "साचा तू करून देशीन, असं सांगून आली मी." मी बॅग खांद्यावरून काढायची विसरले.

महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरामागच्या गल्लीत गाठीचा एक जुना कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन भट्ट्या आणि भिंतीला लावून ठेवलेले लाकडी साचे. संक्रांत झाली की तिथे काम सुरू होतं आणि पाडव्यापर्यंत चालतं. होळीला लेकरांच्या गळ्यात घालायच्या आणि पाडव्याला गुढीला बांधायच्या साखरेच्या गाठी तिथे बनतात. साचा दोन फळ्यांचा असतो. दोन्हीत अर्धे अर्धे गोल कोरलेले असतात, मधून दोऱ्यासाठी बारीक खाच. दोरा ठेवून फळ्या समोरासमोर बांधायच्या, वरच्या तोंडातून पाक ओतायचा, थंड झाला की उघडायचं. आई अकरा वर्षांपासून दुसऱ्या भट्टीवर आहे. पाक कधी उतरवायचा हे ती चमच्यावरून खाली पडणाऱ्या थेंबाकडे बघून सांगते.

त्या वर्षी दुसऱ्या भट्टीचे साचे पार झिजले होते. फळ्या बांधल्या तरी फटीतून पाक बाहेर यायचा आणि गाठीला कडेने साखरेचा पातळ पापड फुटायचा. साचे कोरणारे म्हातारे सुतार, सगळ्या गल्लीचे आजोबा, अजून तिथेच राहतात, पण त्यांचा हात आता थरथरतो. पटाशी धरता येत नाही. शेठनी एकदा ॲल्युमिनियमचा साचा आणून पाहिला होता, त्यात साखर इतक्या लवकर धरली की निम्म्या गाठी काढतानाच तुटल्या. म्हणून आता त्यांनी सांगून टाकलं होतं की ठरल्या तारखेपर्यंत निदान एक चांगला साचा नसेल तर दुसरी भट्टी पेटणार नाही, कमी पडेल तो माल बाहेरगावाहून तयार आणू. दुसरी भट्टी पेटणार नाही म्हणजे आई आणि तिच्या दोन मैत्रिणी या हंगामात घरीच. बाबा कन्हानकडे कोळशाच्या गाडीवर असतात, पंधरा दिवसांनी येतात. आईला कारखाना हवा असतो तो फक्त घर चालवायला नाही. वर्षातले तेवढे दोन-अडीच महिने ती घाईत असते, जोरात बोलते, हसते. हे मला माहीत होतं, म्हणून मी नाही म्हणू शकले नाही.

ज्या मशीनच्या भरवशावर आई बोलून आली होती ती माझी नव्हतीच. आमच्या लॅबमध्ये वरच्या बॅचच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी केलेली एक छोटी मिलिंग मशीन अर्धवट पडून होती. चौकटीवर तीन दिशांना सरकणारे भाग, प्रत्येकाला एक स्टेपर मोटर, मध्ये लाकूड कोरणारी छोटी फिरती पटाशी. कॉम्प्युटरवर आकृती काढायची आणि मशीनने ती लाकडात उतरवायची, असा बेत. मुलं पास होऊन गेली. लॅबमधल्या सरांनी मला ती दुरुस्त करायला घरी नेऊ दिली, बहुतेक मी रोज तिच्यासमोर उभी राहायचे म्हणून. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वर्गात प्रश्न विचारायच्या आधी मी तो मनात चार वेळा जुळवते, आणि तोवर तास संपतो. मशीनसमोर तसं होत नव्हतं. ती वाट पाहायची.

स्टेपर मोटर पंख्याच्या मोटरसारखी नुसती फिरत नाही. तिची एक फेरी दोनशे पावलांची असते. कंट्रोलर एक ठोका पाठवतो, मोटर एक पाऊल सरकते. मला तीस मिलिमीटर जायचं असेल तर किती पावलं लागतील याचा हिशेब करून कंट्रोलर तेवढे ठोके मोजून पाठवतो, आणि पाठवून झाले की आपण तिथे पोचलो असं धरून चालतो. पोचलो की नाही हे तो बघत नाही. बघायला त्याच्याकडे काही नाहीच. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवसापासून माझं मन त्या मशीनपाशी कधीच पूर्ण शांत झालं नाही.

पहिल्या आठवड्यात मला भीती वाटायची ती मोटरच्या गरम होण्याची. मशीन थांबलेली असली तरी मोटर तापायच्या. आमच्या गल्लीत नळाला पंप लावणारी घरं आहेत, त्या पंपांच्या मोटरी कशा जळतात आणि किती वास येतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी घाबरून आईला सांगून ठेवलं होतं की मी नसताना हात लावून बघत जा, फार गरम वाटली तर हे लाल बटण बंद कर. आणि मी स्वतः ड्रायव्हरवरचा, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या पट्टीवरचा, छोटा स्क्रू फिरवून मोटरचा करंट कमी केला. मोटर थंड राहू लागल्या. मला बरं वाटलं. मग पॅकिंगच्या पेटीच्या लाकडावर एक गोल कोरून पाहिला, तर तो गोल निघालाच नाही. अर्ध्यातून एका बाजूला सरकलेला, चिरडलेल्या लाडवासारखा. ताकद कमी पडल्यामुळे मोटरने मधली काही पावलं टाकलीच नव्हती आणि कंट्रोलर मोजत पुढे गेला होता.

मी तो तुकडा सरांना दाखवला. ते म्हणाले, ही मोटर गरमच राहणार, तिचं कामच तसं आहे. उभी असते तेव्हाही ती करंट घेऊन आपली जागा धरून ठेवते. हात लावून दहा आकडे मोजता आले तर समज ठीक आहे. मी स्क्रू परत फिरवला. गोल गोल निघाला. त्यानंतर मोटर गरम लागली की मी दहा मोजायचे आणि कामाला लागायचे. हे सगळं मला कळलं, पण घरी आईला मी ते सांगितलं नाही. विसरले असंही म्हणता येणार नाही. ते सांगायची गोष्ट आहे हेच माझ्या लक्षात आलं नाही.

लाकूड आजोबांनी दिलं. त्यांच्या पलंगाखाली सागाची एक फळी होती, किती वर्षांची ते त्यांनाही सांगता येईना. मी म्हणाले की लकडगंजच्या लाकूडबाजारातून नवीन आणता येईल. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. साचा रोज पाण्यात भिजवावा लागतो, नाहीतर साखर लाकडाला चिकटते. भिजलं की लाकूड फुगतं. दोन फळ्या वेगवेगळ्या लाकडाच्या असतील तर एक जास्त फुगते, एक कमी, आणि आठ दिवसांत तोंड जुळेनासं होतं. म्हणून जोडी एकाच फळीची लागते, आणि ती फळी जुनी, वाळलेली लागते. त्यांनी मलाच करवत चालवायला लावून तिचे दोन तुकडे केले आणि दोन्हींवर पेन्सिलने खूण केली. माझ्या हातात देताना म्हणाले, "ही एकच होती, बेटा." त्यांनी ते मला धाक घालायला म्हटलं नव्हतं, पण घरी येईपर्यंत मी ती फळी छातीशी धरून आले.

पहिली फळी चांगली झाली. आठ गोल आणि मध्ये एक मोठं पदक, असे नऊ खळगे ओळीने, आणि त्यांच्यातून जाणारी दोऱ्याची सरळ खाच. सकाळी सुरू केलं ते दुपारपर्यंत चाललं. आवाजाचा शेजारच्या काकूंना त्रास होत होता. त्यांनी दारातून आईला विचारलं की पोरीने घरात आरा मशीन टाकली काय, आणि आई म्हणाली की नाही, हे लग्नाचं सामान बनवून राहिली. दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मी पावलांचा आवाज ऐकत होते. मोटर पाऊल चुकते तेव्हा मध्येच दाताखाली खडा आल्यासारखा आवाज येतो, आणि मला दर मिनिटाला तो आल्यासारखा वाटत होता.

दुसरी फळी दोन दिवसांनी लावली. त्या दिवशी माझी सेशनल परीक्षा होती, एका तासाची. शेठनी दिलेली मुदत तीन दिवसांवर आली होती, म्हणून मी पहाटे उठून काम सुरू केलं. पाच खळगे झाले तेव्हा निघायची वेळ झाली. मशीन एकटी चालू सोडून जायची हिंमत नव्हती. मी कॉम्प्युटरवरून काम थांबवलं, पटाशी वर उचलून ठेवली आणि आईला सांगितलं की कशाला हात लावू नको, दीड तासात आले. पेपरमध्ये काय लिहिलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर मी उरलेले चार खळगे काढले होते आणि ते खोडायला रबर नव्हता.

परत आले तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं. पटाशी वर, स्क्रीनवर तेच आकडे. मी पुढे चालू केलं. आवाज इतका स्वच्छ होता की त्या दिवशी पहिल्यांदा मी खुर्चीवर पाठ टेकून बसले आणि दुसऱ्या दिवशीच्या विषयाची वही उघडली. भुसा फळीवर साचत होता. काम संपल्यावर ब्रशने तो झाडला, आणि खाच दिसली.

खाच पाचव्या खळग्यापर्यंत सरळ येत होती. तिथे ती तुटली होती आणि बाजूला जवळजवळ तीन मिलिमीटर सरकून पुन्हा सरळ पुढे गेली होती. तिच्यावरचे चारही खळगे तेवढेच सरकलेले. कडा सुरेख, खोली बरोबर, गोल अगदी गोल. फक्त जागा चुकलेली. मी पहिली फळी त्यावर ठेवून पाहिली. पाच तोंडं जुळली, चार नाही.

मी वायर बघितल्या. स्क्रू बघितला. मोटरला हात लावला, दहा मोजले. पाऊल चुकलं असतं तर आवाज आला असता, आणि एकदम इतकी पावलं कशी चुकतील? मी आईला विचारलं की मी नसताना वीज गेली होती का. ती आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "नाही. वीज नाही गेली. मीच बंद केली होती थोडा वेळ. उभ्या उभ्याच गरम होऊन राहिली होती ती. पाक ढवळला नाही अन् खाली आग चालू राहिली का जळते, तसं वाटलं मले. मंग भुसा पुसून घेतला फडक्याने, अन् तू येशीन म्हणून चालू करून ठेवली."

लाल बटण बंद केलं की मोटर जागा सोडतात. मग फळी जिच्यावर बांधतात तो खालचा पाट बोटानेही सरकतो. आईने फडक्याने पाट नीट, जोर लावून पुसला असणार, जशी ती सगळंच पुसते. कंट्रोलरला मात्र वीज कॉम्प्युटरकडून मिळते, त्यामुळे तो जागाच राहिला, जुना आकडा धरून. पाट तीन मिलिमीटर सरकला हे त्याला कोण सांगणार?

आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. फळीकडे बघितलं. अकरा वर्षं साचे हाताळलेली बाई, तिला खुणेने दाखवावं लागलं नाही. तिने अंगठ्याने तुटलेली खाच चाचपली आणि मला विचारलं, "माह्यामुळे झालं का वं?"

मी म्हणाले, "नाही. मशीनच्या स्टेप गेल्या."

ती पुन्हा आत गेली. लाटण्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मी वाक्य म्हणून खोटं बोलले नव्हते, पावलं गेलीच होती, आणि तरी मला माहीत होतं की तिने ते मानलेलं नाही. मला वाटत होतं की मी तिला वाचवते आहे. आज लिहिताना तसं वाटत नाही. खरं सांगायचं तर मला तिला दुसरी अर्धी गोष्ट सांगायची नव्हती, की बटण बंद करायला मीच शिकवलं होतं आणि नंतर मला कळलेलं मी माझ्याजवळच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघी आजोबांकडे गेलो. मी रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. कारखान्याच्या दारावरून जाताना शेठ आतून ओरडून म्हणाले, "काय बाई, इंजिनियर बाईचा साचा येते का गुढीच्या आधी?" आई म्हणाली की येते, येते. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण पुढच्या वळणापर्यंत ती पदर बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी दोन्ही फळ्या मांडीवर घेतल्या, एकमेकींवर ठेवल्या, उन्हाकडे धरून फटीतून पाहिलं. थरथरत्या हातात फळ्या एकमेकींवर वाजत होत्या. मग मला विचारलं की असं कसं झालं, मशीनला दिसत नाही काय. मी सांगितलं की नाही दिसत. ती फक्त पाठवलेली पावलं मोजते.

"मंग आंधळ्याच्या हातात पटाशी दिली तू," ते म्हणाले. "अन् कोणी धक्का मारला त्याले?"

आईने तोंड उघडलं. ती सांगणार होती, मला दिसलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली होती, जशी ती काही कबूल करायच्या आधी ठेवते. आणि माझी सगळी जुळवलेली वाक्यं गेली.

"मीच सांगितलं होतं तिले बंद कराले," मी म्हणाले. "पहिल्या आठवड्यात. तेव्हा मलेच माहीत नव्हतं. मंग माहीत झालं तर सांगितलं नाही."

मी घरात असं बोलते, बाहेर बोलत नाही. कॉलेजात गेल्यापासून बाहेर मी पुस्तकी बोलते. त्या दिवशी तोंडातून तसंच निघालं. आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण बरं वाटल्याचंही नव्हतं. एखादं माप पुन्हा मोजायला घ्यावं तशी ती बघत होती.

आजोबांनी चुकलेली फळी उलटी केली. मागच्या बाजूवर हात फिरवला, एका टोकाला जुन्या खिळ्याचं भोक होतं ते नखाने चाचपलं, कडेवरून बोटाने जाडी मोजली. खळगे सहा-सात मिलिमीटर खोल आणि फळी चांगली सव्वा इंचाची. ते म्हणाले की मागून कोर. भोकापासून दोन बोटं सोडून ओळ धर. लाकूड तेच आहे, तर फुगणंही तेच राहील. मग थोडं थांबून म्हणाले की याच्या मागे मात्र तिसरी बाजू नाही.

ते मी विसरले असते तर बरं झालं असतं. रात्रभर तेच आठवत राहिलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. सकाळी उठून सगळ्यात आधी पाटावर आणि चौकटीवर कागदी चिकटपट्टी लावली आणि दोन्हींवरून एकच बारीक पेन्सिलची रेघ ओढली, पाट शून्यावर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, असतानाची. मग प्रोग्राम बदलला. प्रत्येक खळगा झाला की मशीनने शून्यावर परत यायचं, थांबायचं, आणि मी सांगेन तेव्हाच पुढे जायचं. कंट्रोलरला दिसत नसेल तर रेघ बघायचं काम कोणीतरी करायला हवं. आईने विचारलं की मी काय करू. मी तिला रेघ दाखवली आणि सांगितलं की दोन तुकडे एका ओळीत आहेत की नाही एवढं बघ. केसाएवढा फरक दिसला तरी सांग. आणि मग, उशिरा का होईना, बाकीचंही सांगितलं. मोटर उभी असताना का तापते, ती जागा धरून असते म्हणजे काय, बटण बंद केल्यावर पाट कसा सुटतो. मी तिचं बोट धरून पाटावर ठेवलं. बटण बंद करून ढकलायला लावलं, तो सरकला. चालू करून ढकलायला लावलं, तो हलेना. ती दोन्ही हातांनी ढकलून बघायला लागली, आणि मला ओरडावं लागलं की आता पुरे.

"म्हणजे उभी राहाले ताकद लागते तिले," ती म्हणाली. "हे पहिले काहून नाही सांगितलं?"

मी पुन्हा शून्य लावलं, रेघ पुन्हा तपासली आणि काम सुरू केलं.

पहिला खळगा. पाट परत आला. आई चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, बरोबर. दुसरा. बरोबर. तिसऱ्यानंतर तिने बराच वेळ घेतला, पण ती फक्त पट्टीवर पडलेला भुसा फुंकून काढत होती. पाचव्याला मी श्वास धरून बसले होते, जसं काही त्या आकड्यातच दोष होता. बरोबर. सहावा अर्धा झाला असताना तो आवाज आला. दाताखालचा खडा. एकदाच.

मी काम थांबवलं. कॉम्प्युटरवरून, बटणाला हात न लावता. पटाशी उचलली गेली. आईचा हात मोटरकडे गेला आणि मध्येच थांबला, तिने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने हो म्हटलं. तिने मोटरला हात लावला आणि पुटपुटत मोजलं. दहाच्याही पुढे, चौदापर्यंत गेली. भट्टीवरचे हात आहेत तिचे, त्यांना माझ्या दहाचा काय उपयोग. मग मी लावला. सातला काढावासा वाटला, दहाला काढला.

पाट शून्यावर आणला. मला रेघ बघायची हिंमत होईना. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती वाकली, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. बाहेर भंगारवाल्याची गाडी जात होती, तिच्या भोंग्यातून तेच तेच वाक्य येत होतं, जुना कूलर, जुना फ्रीज. ती गाडी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत आई वाकलेलीच होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "जशीच्या तशी."

आवाज मग कशाचा होता ते मला आजही माहीत नाही. सागाच्या एखाद्या कडक रेषेवर पटाशी अडखळली असेल. मी वेग कमी केला, इतका की उरलेले तीन खळगे व्हायला दुपार गेली. आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. आम्ही मशीनसमोर बसून चिवडा खाल्ला, तोही आळीपाळीने, कारण रेघेवर कोणाचा तरी डोळा हवा होता. संपल्यावर दोन्ही फळ्या जोडल्या. नऊ तोंडं. मी त्यातून दोरा ओढला, तो एका टोकातून शिरला आणि दुसऱ्या टोकाने बाहेर आला. मी तो चार वेळा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात शेठ, आजोबा, आईच्या दोन्ही मैत्रिणी आणि मी साच्याभोवती उभे होतो. साचा रात्रभर पाण्यात होता. आजोबांनी त्याची तोंडं पुन्हा पाहिली. फुगून ती किंचित आवळली होती, पण दोन्ही सारखीच. आईने दोरा ठेवला, फळ्या बांधल्या, पहिल्या भट्टीवरचा पाक मागून आणला आणि ओतला. तिचा हात हलला नाही. थंड होईपर्यंत शेठ कोणाशी तरी फोनवर बोलत राहिले, आणि मला वाटत होतं की ते बाहेरगावच्या मालाबद्दलच बोलताहेत.

आईने दोरी सोडली आणि वरची फळी उचलली. गाठ दोऱ्याला धरून अख्खी वर आली. कडेला पापड नव्हता. पण मला एक गोष्ट दिसली जी लाकडात दिसली नव्हती. प्रत्येक गोलावर बारीक बारीक गोल रेषा उमटल्या होत्या, पटाशीच्या प्रत्येक फेरीची एक. आजोबांच्या जुन्या साच्यातल्या गाठी गुळगुळीत निघायच्या. कोरल्यावर साचा घासायचा असतो हे मला सुचलंच नव्हतं.

शेठनी गाठ उजेडाकडे धरली. रेषांवर अंगठा फिरवला. एक गोल मोडला आणि तोंडात टाकला, चावला. गाठ आजोबांच्या हातात दिली आणि भट्टीखालचं राखेचं दार पायाने उघडून आत पाहिलं, गेल्या वर्षीची राख तशीच होती. मग आईच्या मैत्रिणींकडे वळून म्हणाले, "हे साफ करून घ्या आजच. उद्या सातले या, तिघीही."

आईने तोवर पदर कमरेला खोचला होता. तिने कोपऱ्यातून लोखंडी घमेलं ओढलं आणि राख काढायला बसली. मैत्रिणींपैकी एक तिला म्हणत होती की पोरीने तर तुझी सुट्टी खाल्ली, आणि आई जोरात हसली, कारखान्यातलं तिचं ते हसणं.

मी साचा उचलून उन्हात नेला आणि रेषा पाहिल्या. काचकागदाने घासल्या तर खोली किती वाढेल? दोन्ही फळ्या सारख्याच घासल्या जातील का? आणि रोज भिजून भिजून होळीपर्यंत तोंडं जुळतील का? मी आजोबांना विचारलं. ते मोडक्या गाठीतला एक गोल चघळत होते.

"ते लाकडावर सोड," ते म्हणाले. "तुले आज कॉलेज नाही का?"

होतं. पहिला तास सुरू होऊन गेला होता. मी साचा परत पाण्याच्या टाक्यात ठेवला, दोन्ही फळ्या बुडल्या की नाही ते पाहिलं, आणि राखेने हात भरलेल्या आईला लांबूनच सांगून निघाले.